गिरीजच्या विहिरीचं पाणी

विरारला आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी नळाला कमी आणि टँकरला जास्त. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर आम्ही इथे आलो. मिरजेच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते. इथे आल्यावर धक्काबुक्की न करता पिंप कसं भरायचं ते शेजारणीकडून शिकले. परेशची बदली मुंबईला झाली आणि परवडेल असा फ्लॅट विरारलाच मिळाला. तो उजाडायच्या आत निघतो, रात्री जेवायला परत येतो. त्याला नवं शहर म्हणजे स्टेशनपर्यंतचा रस्ता. दिवसभर ते निस्तरायला मी आणि आमची लेक क्षितिजा.

क्षितिजा सात वर्षांची. शाळेत ठीक असायची, पण दिवेलागणीला मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडायची. हट्ट नाही, आदळआपट नाही. बारीक आवाजात एकच, "आई, घरी जाऊया ना." मी म्हणायचे, हेच आपलं घर. ती मान डोलवायची आणि पुन्हा तेच. समजावून झालं, रागावून झालं. डॉक्टर म्हणाले, रुळेल. ती रुळली नाही. जेवण तुटलं, फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. रडू मलाही यायचं, पण घरात एकीनेच रडायची सोय होती.

जवळच्या गिरीज गावच्या नर्मदाबाई आमच्या फाटकाशी केळी आणि भाजी घेऊन बसतात. पोरीचं तोंड बघून त्यांनीच विचारलं. मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, आमच्या घरात नव्या सुनेला वाडीतली विहीर दाखवतात. तिने वाकून माहेरच्या गावाचं नाव एकदा मोठ्याने घ्यायचं, ओंजळभर पाणी प्यायचं आणि मागे न बघता घरात यायचं. मग माहेरची ओढ छळत नाही.

"मी सफाळ्याची. लय रडायची. नाव पान्यात टाकलं नि गप झाली."

विज्ञानाच्या बाईने हसायला हवं होतं. मी हसलेही. पण मनात म्हटलं, पोरीला मिरजेचा निरोप नीट घेता आला नाही, तो असा घेता आला तर बरंच आहे. रविवारी परेश झोपलेला असताना आम्ही मायलेकी गिरीजला गेलो.

विहीर केळींच्या मधोमध होती. काठावर शेवाळ, बाजूला टँकर भरायचा पंप, हवेत ओल्या मातीचा वास. नर्मदाबाईंनी बादलीभर पाणी काढून ठेवलं आणि क्षितिजाला खांद्यांना धरून वाकवलं.

"बोल बाय, गावाचं नाव बोल."

खाली काळ्या पाण्यात तिचं दोन वेण्यांचं डोकं दिसत होतं. तिने विहिरीचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी मागून म्हटलं, "मिरज म्हण ना, सोपं आहे." घाबरलेलं पोर जे ओरडेल तेच ती ओरडली.

"आई!"

इतक्या खोल विहिरीतून प्रतिध्वनी यायलाच हवा. मी सवयीने वाट पाहिली. आला नाही.

नर्मदाबाई काही म्हणणार एवढ्यात क्षितिजाने बादलीतल्या पाण्याची ओंजळ तोंडाला लावली. मग ती वळली आणि माझ्याकडे न बघता माझ्या शेजारून चालत गेली.

त्या संध्याकाळी ती रडली नाही. पोटभर जेवली. परेश म्हणाला, बघ, रुळली. मी देवापुढे साखर ठेवली.

ती फार शहाणी झाली. पाणी हवं असलं तर "मिळेल का?" म्हणून विचारायची. जेवल्यावर ताट विसळून ठेवायची. बाबांच्या अंगाखांद्यावर खेळायची, मिरजेच्या आजीशी फोनवर भरभरून बोलायची. मला मात्र हाक मारायची नाही. मी मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन बसायचे. ती शोधत यायची आणि मी बघेपर्यंत समोर नुसती उभी राहायची. वेणी घालताना अंग चोरायची.

एक दिवस शाळेतून आली आणि चपला काढून दारातच थांबली.

"काकू, आत येऊ?"

परेशने आधी थट्टेवारी नेलं. मग माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, ही कोण? "स्वप्नाकाकू," ती म्हणाली, अगदी अदबीने. परेशचं हसू तिथेच राहिलं. डॉक्टरांना तिच्यात काही दोष सापडला नाही.

मी गिरीजला धावले. नर्मदाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "पान्यात टाकलेलं काढता येत नाय, ताई. गावाचं नाव तिच्याकडून घोकून का नाय घेतलं?" परतताना रस्ताभर रडले.

त्या आठवड्यात नळाला पाणी आलं नाही. टँकर आला. ड्रायव्हर म्हणाला, गिरीजचं पाणी आहे, गोड लागेल. मी मोरीतलं पिंप काठोकाठ भरलं.

दिवे लागले. क्षितिजा पाढे लिहीत बसली होती. मोरीतून बारीक आवाज आला.

"आई, घरी जाऊया ना."

मी जाऊन पिंपाचं झाकण काढलं. आवाज मोठा झाला.

क्षितिजाने वहीतून मान वर केली.

"काकू, तुमच्याकडे कोण रडतंय?"

ते पाणी मी वापरत नाही. परेशलाही हात लावू देत नाही. रोज संध्याकाळी झाकण सरकवून पिंपाशी बसते आणि ती थकेपर्यंत ओ देते. एकदा वरून नळाचं पाणी घालून पाहिलं, तर आवाज फिका झाला. पुन्हा घातलं नाही.

आता उन्हाळा लागलाय. झाकण कितीही घट्ट लावलं, तरी पिंपातलं पाणी रोज थोडं खाली जातं.