उकिरड्यातलं यान

गुरुवारी सकाळी आठ वाजता उंद्री चौकीचे जमादार निवृत्ती वानखडे नाकाला रुमाल लावून शाळेतल्या तुळशीराम शिपायाच्या उकिरड्यासमोर उभे होते आणि मनातल्या मनात आपल्या नोकरीला शिव्या घालत होते.

शेणाच्या ढिगातून एक टोक वर आलं होतं.

"हेच ते!" शाळेचे ड्रॉइंग मास्तर भगवानराव ओरडले. "मी कालच सांगितलं होतं तुम्हाला. घराची झडती घेतली, उकिरडा का नाही बघत?"

एवढं बोलून त्यांनी चिमूटभर तपकीर नाकात कोंबली, दणक्यात शिंकले आणि नाक सदऱ्याच्या बाहीला पुसलं. नेहमी यासाठी खांद्यावर उपरणं असायचं. आज बाहीवर भागत होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत जमादारांनी विहिरीतून फुगलेली प्रेतं काढली होती, पण त्या बाहीकडे त्यांना बघवेना.

"साहेब, तुमच्या पाया पडते," तुळशीरामची बायको सोजराबाई हात जोडून म्हणाली. "मी रोज दोन टोपले शेण इथंच टाकते. कालपोतर इथं काही नव्हतं. आमच्या माणसाले तुमी सोमवारपासून बसवून ठेवलं. त्याची नोकरी गेली तर आमी काय खावं?"

जमादारांनी बाह्या सरसावून हात ढिगात घातला. वर जेमतेम दोन टोपल्यांचा थर होता. ते टोक धरून त्यांनी वस्तू बाहेर ओढली आणि पोत्यात टाकली.

ते अंतराळयान होतं. वीतभर लांब, प्लॅस्टिकचं.

माणूस चंद्रावर जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि शाळेला विज्ञानाचा ताप चढला होता. विज्ञान शिकवणाऱ्या प्रतिमाबाईंच्या भावानं अमेरिकेहून एक खोका पाठवला. आत सुटे भाग, वर चित्र. यान खरं नव्हे, कोणाच्या तरी कल्पनेतलं. भाग बाईंनी जोडले. रंगवायचं काम शिपाई तुळशीरामनं केलं, कारण शाळेत येण्याआधी तो बैलगाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शनिवारी बुलढाण्याला प्रदर्शन होतं. हेडमास्तर सुधाकररावांनी फॉर्मवर लिहिलं होतं: रंगकाम, तुळशीराम. यानाजवळ तोच उभा राहणार होता.

रविवारी संध्याकाळी त्यानं शेवटचा हात दिला आणि यान कपाटात ठेवलं. सोमवारी सकाळी कपाट रिकामं. कुलूप शाबूत. किल्ली तुळशीरामच्या करगोट्याला. दुपारी बारापासून तो चौकीत बसला होता, आणि हेडमास्तरांच्या टेबलावर त्याच्या बडतर्फीचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. फक्त सही बाकी होती.

चौकीमागच्या हौदावर जमादारांनी यान पाण्यात बुडवलं. वास असा सुटला की शेजारचं कुत्रं उठून गेलं. तुळशीराम बाजूला उकिडवा बसला होता. तीन दिवसांत त्याचे गाल आत गेले होते.

शेण भराभर सुटलं. आतून यान निघालं ते काळवंडलेलं, गंजलेलं.

"नव्या कोऱ्या वस्तूची ही घाण कोनं केली बे?"

"म्या केली, साहेब."

"काऊन?"

"साहेब, येष्टी कोरी कवा दिसते? डेपोतून निघते तवा. मेहकर-डोणगाव एक खेप करून आली का तिचं तोंड पाहा. हे तं आभायातून आलं. नाक भाजलेलं पाह्यजे, मागं धूर, पायाले माती. नाहीतं ते कुठं गेलतं असं वाटतच नाही."

जमादारांनी यान उजेडात फिरवलं. नाकापासून मागे काजळीचे ओघळ गेले होते. पायांवर लालसर गंज. कोणी सांगितलं नसतं, तर खरंच लांबचा पल्ला मारून आल्यासारखं वाटलं असतं.

"काजळी कशात कालवली?"

"जवसाच्या तेलात."

"वाळाले किती वेळ?"

"थंडी हाय. दोन दिवस तं लागतेच. म्या हेडमास्तर साहेबाले सांगतलं होतं, बुधवारपोतर कोनी हात लावू नका."

"आन् ओलं असताना त्याच्यावर शेणातला भुसा पडला तर?"

"मंग चिकटलाच समजा. खरवडल्याशिवाय निघत नाही."

जमादारांनी यान पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. सांध्यांच्या चिरांत शेणाचा पिवळट डाग राहिला होता. पण रंगात भुशाची एक काडी रुतलेली नव्हती. उलट एका पंखावर बारीक उभी-आडवी जाळी उमटली होती. आणि तिच्या आजूबाजूला तपकिरी ठिपके.

"ही जाळी तुही?"

"नाही जी."

"हे ठिपके? गंज दाखवाले टाकले?"

तुळशीराम वाकला. "नाही. म्या विटेचा भुगा लावला, तो लाल. हा रंग माह्या डब्यातच नाही."

जमादारांनी नखानं एक ठिपका खरवडला आणि नाकाशी नेला. लगोलग त्यांना दोन शिंका आल्या. मग त्यांनी हात साबणानं धुतला. पुन्हा धुतला.

"चाल," ते म्हणाले. "शाळेत जाऊ."

हेडमास्तरांच्या खोलीत भगवानराव आधीच येऊन बसले होते. सुधाकरराव पेनाचं टोपण काढत होते.

"सही करू नका, साहेब," जमादार म्हणाले. "आधी सांगा, कपाटाची दुसरी किल्ली आहे का?"

"आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये."

"ड्रॉवरले कुलूप?"

सुधाकररावांनी टोपण परत पेनावर बसवलं. "नाही," ते म्हणाले.

"सोमवारी हे का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही."

जमादारांनी एक क्षण डोळे मिटले. मग यान टेबलावर ठेवलं. हेडमास्तरांनी खुर्ची मागे ओढली.

"तुळशीरामनं रविवारी रात्रीच हे उकिरड्यात पुरलं, असं गुरुजींचं म्हणणं. पण रविवारी रंग ओला होता. ओल्या रंगाले शेणातला भुसा चिकटला असता. इथं एक काडी नाही. म्हणजे हे शेणात गेलं ते रंग वाळल्यावर. वरचं शेणही एकाच दिवसाचं होतं, दोन टोपले. हे काल रात्री पुरलं. आन् काल रात्री तुळशीराम माह्या चौकीत होता."

"त्याची बायको नव्हती का घरी?" भगवानराव म्हणाले.

"होती. तिचाही विचार केला. पण रंग ओला होता तवा याले काही तरी चिकटलंच. ही जाळी पाहा, कापडाची वीण आहे. कोनीतरी ओलं यान कापडात गुंडाळलं. आन् त्या कापडातून हे ठिपके रंगात बसले. आमी सगळे त्याले गंज समजलो." जमादारांनी यान पुढे सरकवलं. "वास घेऊन पाहा, गुरुजी. तुमच्या ओळखीचा आहे."

भगवानरावांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"तुमचं उपरणं कुठं आहे?"

"धुवायला टाकलंय."

"नसन टाकलं. जवसाच्या तेलातली काजळी साबणानं जात नाही, हे रंगकामवाल्याले माहीत असते. बायकोपुढं ते टाकायची सोय नाही. आन् उपरणं फेकायले जीव होत नाही. तुमचं ड्रॉइंगचं कपाट उघडा."

भगवानरावांनी किल्ली दिली नाही. हेडमास्तरांनी ड्रॉवरमधली काढली. कागदांच्या गुंडाळ्यांमागे उपरण्याचं बोचकं होतं. जमादारांनी ते दोन बोटांनी उचललं आणि झटकलं. तपकिरीचे सुके डाग, वाळलेला शेंबूड, आणि मधोमध काळ्या पंखाचा ठसा.

"काऊन केलं?" जमादारांनी विचारलं.

"अठरा वर्षं मी या शाळेत चित्रकला शिकवतो!" भगवानराव ताडकन उठले. "रंगकाम माझा विषय, आणि बुलढाण्याला टेबलाशी कोण उभा राहणार? घंटा वाजवणारा! मी लोकांना काय सांगू?"

"म्हणून त्याची भाकर शेणात घातली."

मग सुधाकररावांनी घसा खाकरला. पत्राचे दोन तुकडे केले आणि हळूच म्हणाले, "जमादारसाहेब, बाहेर नको जायला. शाळेचं नाव आहे. शनिवारी गुरुजीच गेले यान घेऊन, आणि तुळशीरामला वीस रुपये बक्षीस दिलं, तर प्रकरण इथंच मिटेल."

जमादारांना सकाळपासूनच्या सगळ्या घाणीत ही सर्वांत वाईट वाटली. उकिरडा निदान उकिरडा म्हणून तर होता.

"पंचनाम्यात सगळं लिहितो, साहेब. हे बोलणंही लिहू का?"

सुधाकररावांनी पत्राचे तुकडे टोपलीत टाकले.

"शनिवारी तुळशीरामच जाईल," ते म्हणाले.

तुळशीराम यानाजवळ आला. त्यानं ते उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं. प्रतिमाबाई धुण्याचा सोडा आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन दारात उभ्या होत्या.

"चिरांत शेण राहिलंय, तुळशीराम," त्या म्हणाल्या. "घासून काढूया?"

"राहू द्या, बाई. चांगलं दिसते. खरंच कुठंतरी उतरल्यासारखं."

मग तो खिडकीशी उजेडात बसला, खिशातून बाभळीचा काटा काढला आणि पंखावरचा तपकिरीचा एकेक ठिपका खरवडू लागला. भगवानराव दाराकडे निघाले तरी त्यानं मान वर केली नाही.

"शेणाचं काही नाही," तो म्हणाला. "हे मात्र ठेवत नसतो."