सही जुळत नाही

गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं. आतून एक उंच मुलगा उतरला, गुडघ्यावर बसून गाडीखाली डोकावला आणि "सॉरी" म्हणाला. गाडीला. खरं म्हणजे मी तेव्हाच तिथून निघून जायला हवं होतं.

पण मी हातखंब्याच्या टपरीवर तासभर ताटकळत बसले होते. ज्याची पांढरी, साधी, बाबांना पसंत असलेली जुनी गाडी बघायला आले होते, तो माणूस फोनच उचलत नव्हता. आणि समोर ही... लाल, बुटकी, रुंद टायरांची. मागच्या काचेवर 'विकणे आहे'.

"किती चाललीय?" मी विचारलं.

"पंचावन्न हजार किलोमीटर." त्याने मान वर केली. "पण प्रेमाने."

असली उत्तरं देणारी माणसं मला आवडत नाहीत. तरी मी चक्कर मारायला तयार झाले. घाटातल्या वळणावर दुसरा गिअर टाकून पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही, मग टर्बोने बारीक शीळ घातली आणि माझी पाठ सीटला चिकटली. मी मोठ्याने हसले. शेजारी बसलेला तो रस्त्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

"पहिल्यांदा सगळे घाबरतात," तो म्हणाला. "तुम्ही हसलात."

त्याचं नाव वेद. मालवाहू जहाजावर इंजिनिअर. सहा-सहा महिने बोटीवर, गाडी दारात खाऱ्या हवेत गंजत पडते, म्हणून विकत होता. मी मनस्विनी, भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात प्रयोगशाळेत काम करते. आमचं घर बाबांच्या नावावर, स्कूटर दादाच्या नावावर. माझ्या नावावर आजवर फक्त मोबाइलचं सिम होतं. मला ती गाडी हवी होती. माझ्या नावावर हवी होती. आठवड्याभरात मी ती घरी आणली.

बाबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि हिच्यात आंब्याच्या पेट्या किती बसतील असं विचारलं. अडीच, मी म्हटलं. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

आणि मग सुरू झाला ताप. सायलेन्सर असा की मी भाट्याच्या पुलावर असतानाच आई चहाचं आधण ठेवायची. वाडीतल्या चढावर गाडीचं पोट जांभ्या दगडाला रोज घासायचं. माझ्या बाजूची काच निम्म्यावर येऊन अडायची, आणि गणपती गेले तरी पाऊस काही जायचं नाव घेत नव्हता. रोज उजवा खांदा भिजवून मी कामावर हजर. वैतागून मी वेदला फोन करायचे. रोज.

"तिला सकाळी दोन मिनिटं नुसती चालू ठेवा," तो शांतपणे सांगायचा. "लगेच पळवलं की चिडते."

"आणि मी चिडले तर?"

"तुम्हाला दोन मिनिटं पुरायची नाहीत."

मी फोन ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचे.

एकदा तो भाट्याला मुद्दाम काच बघायला आला. झिमझिम चालली होती. त्याने बाहेरून दोन्ही तळवे काचेवर दाबले आणि मला आतून बटण दाबायला सांगितलं. काच कुरकुरत वर चढली. मीही आतून हात लावला — आधाराला म्हणून. त्याचे तळवे पलीकडे, माझे अलीकडे, मध्ये ओली काच. काच वर पोचली तरी आम्ही दोघांनीही हात काढले नाहीत. मग मीच हॉर्न वाजवला, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

पण खरा वैताग होता तो सहीचा. गाडी नावावर करायच्या अर्जावर वेदची सही लागते. पहिल्यांदा त्याने मराठीत केली, आरटीओच्या नोंदीत होती इंग्रजी. अर्ज परत. दुसऱ्यांदा इंग्रजीत केली, तर खालची रेघ विसरला. परत. तिसऱ्यांदा रेघ होती पण आडनाव नव्हतं. जहाजाचं अवाढव्य इंजिन सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःची सही आठवू नये? मी त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, बोटीवर सह्या कमी कराव्या लागतात.

शेवटी बाबांनी फर्मान काढलं. वेद रविवारी बोटीवर निघणार. शनिवारपर्यंत सही जुळली नाही तर गाडी त्याच्या दारात परत नेऊन लावायची. परक्याच्या नावाची गाडी सहा महिने आमच्या अंगणात राहणार नाही. बाबा एकदा बोलले की बोलले. मी त्या दिवशी गाडीत बसून रडले. काच पुन्हा निम्म्यावर अडली होती, त्यामुळे ते शेजारच्या सखूकाकूंनी ऐकलं आणि वाडीभर झालं.

आमच्याकडे अडलेलं काम ग्रामदेवतेपुढे मांडायची रीत आहे. नारळ ठेवायचा, गुरव गाऱ्हाणं घालतो, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्यापाठी "व्हय महाराजा" म्हणायचं. आमचे गुरव आप्पा या बाबतीत फार काटेकोर. कागदावरचा मालक हजर नसेल तर देवापुढे गाडीचं नावही काढणार नाही, म्हणाले. म्हणून शनिवारी सकाळी वेदलाही बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि आईने कौतुकाने त्याला दोन वेळा चहा विचारला. मला आणखीच राग आला.

देवळात आप्पांनी हात जोडले.

"बा देवा महाराजा... ह्या तुज्या लेकीनं लाल गाडी घेतलेली हाय. तिला वाटंत, घाटात, वळणावर सांभाळ रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. वेदचा आवाज सगळ्यांत मोठा.

"तिला कदी काय कमी पडू देव नको रे महाराजा."

"व्हय महाराजा."

"कागदावर सही काय जुळत नाय. ह्या कामात जो कोन मुद्दाम खोडा घालीत असंल, त्याला सुबुद्धी दे, आनि आजच्या आज काम तडीस ने रे महाराजा."

"व्हय महाराजा."

बाबा म्हणाले, आई म्हणाली, सखूकाकू तर दोनदा म्हणाल्या. वेद गप्प. मी वळून पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. आप्पाही सावकाश वळले.

"पोरा, तुजा आवाज आला नाय."

"आप्पा..." वेद पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "खोडा घालणारा मीच आहे."

मी तडक देवळाबाहेर येऊन गाडीत बसले. तो मागोमाग आला. पाऊस भुरभुरत होता आणि काच अर्थातच अर्धी उघडी.

"का?" मी विचारलं.

"सही जुळली असती तर तू फोन कशाला केला असतास?"

तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला होता. माझ्या ते लगेच लक्षात आलं आणि मी ते लक्षात आलं नाही असं दाखवलं.

"खिडकीसाठी केला असता."

"खिडकी..." त्याने घसा साफ केला. "ती दहा मिनिटांत दुरुस्त होते. मला येते करायला. पहिल्या दिवसापासून येते."

तीन आठवडे माझा खांदा भिजत होता. मला या माणसाला भाट्याच्या खाडीत ढकलून द्यावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी भयंकर आनंदही झाला होता. मी अर्ज काढला, उतरले आणि बॉनेटवर ठेवला. त्यावर पाऊस पडू नये म्हणून त्याने ओंजळ धरली, मग माझी ओंजळ तिथे ठेवून सही केली. इंग्रजीत, पूर्ण आडनाव, खाली रेघ. नोंदीतल्या सहीशी तंतोतंत.

"घे," तो म्हणाला. "गाडी तुझी. आता फोन करायला काही कारण उरलं नाही. उद्या मी निघतो... सहा महिने. परत आलो की शेजारच्या सीटवर..."

त्याचं वाक्य तिथेच अडलं, काचेसारखं. मागे देवळाच्या पायरीवर आई-बाबा उभे होते. बाबा खांबाकडे बघत होते.

आप्पा नारळाची वाटी घेऊन बाहेर आले. आमच्याकडे बघितलं, कपाळाला आठी घातली आणि वैतागून पुन्हा गाभाऱ्याकडे तोंड केलं.

"बा देवा महाराजा... हा पोर बोटीवर चाललाय. त्याला सुखरूप परत आन, आनि तवर ह्या पोरीच्या बाजूची सीट त्याच्यासाठी रिकामी ऱ्हाव दे रे महाराजा."

कुणीच काही म्हणालं नाही. आई नाही, बाबा नाहीत, सखूकाकूसुद्धा नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते.

"व्हय महाराजा," मी म्हणाले.