मुसल्लमकाकांचे न दबणारे पाटे

"अजून कोण राहिलंय? चढा रे सगळे!" मुसल्लमकाका ओरडले आणि खलफानच्या गॅरेजसमोरची धिप्पाड माणसं एकामागून एक पिकअपच्या हौद्यात चढू लागली.

मैथा, तिचा धाकटा भाऊ मतर आणि काकांचा मुलगा हिलाल टायरांच्या ढिगावर बसून हा तमाशा बघत होते. गाडी आता चांगलीच उंच दिसत होती. वाळूच्या टेकड्या चढताना पोट घासतं म्हणून काकांनी ती उचलून घेतली होती. मागच्या चाकांसाठी स्प्रिंगचे पाटे निवडायची वेळ आली, तेव्हा खलफानने तीन जोड पुढे मांडले. एक पातळ, एक मध्यम आणि एक जाडजूड. मागे ओझं काय नेणार, असं त्याने रीतसर विचारलंही होतं.

"ओझ्याचं काय घेऊन बसलास? सगळ्यात दणकट कुठले ते सांग," काका म्हणाले होते.

"समहाला नेणार," मैथा मागून म्हणाली होती. पण तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. खलफाननेही पुन्हा विचारायची तसदी घेतली नाही. गिऱ्हाईक महागडा माल मागतंय म्हटल्यावर कशाला विचारेल?

हौदा माणसांनी गच्च भरला. गाडी बोटभरसुद्धा दबली नाही. टाळ्या पडल्या, काकांनी फोटो काढले. त्यांच्या बिदिया गावात उंट बसल्यावर ज्याच्या गाडीचं बूड टेकतं, त्याची लोक महिनाभर टर उडवतात. आता काकांची टर कोणी उडवणार नव्हतं, आणि त्यांच्या लेखी एवढं पुरेसं होतं.

समहा ही त्यांची सांडणी. ती जन्मली आणि तिची आई गेली. मैथाने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. मैथाची चाहूल लागली की ती मान लांब करून तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवायची. गेल्या हिवाळ्यात तिने शर्यतीत नाव काढलं होतं. या हिवाळ्यात मात्र, शाळेला सुट्टी लागली आणि सगळं बिनसलं. नव्या गाडीतून ती पहिल्या शर्यतीला गेली आणि शेवटून दुसरी आली. पुढच्या शर्यतीत थेट शेवटची! काकांनी हवा नाही, पाणी नाही, सरळ समहालाच दोष दिला. ती आळशी झाली, मैथाने लाडावून ठेवली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले.

"बखीतला निरोप धाडलाय," एका सकाळी त्यांनी जाहीर केलं. "या शुक्रवारी पुन्हा मागे पडली, तर तो घेऊन जाईल तिला."

बखीत दूरच्या गावचा उंटांचा व्यापारी. त्याने नेलेला उंट पुन्हा कधी दिसत नसे.

"तिला काहीतरी होतंय, काका. तुम्ही एकदा बघा तरी."

"मला उंट शिकवतेस?" काकांनी गाडीच्या काचा वर केल्या आणि विषय संपला.

मग तिघांनी स्वतःच तपास सुरू केला. पहिला संशय चाऱ्यावर. हिलालच्या मते शत्रूपक्षाने काहीतरी कालवलं असणार. त्याला सगळीकडे शत्रूपक्ष दिसायचा. तो अख्खी दुपार चाऱ्याच्या पोत्यांमागे लपून बसला, आणि शेवटी एका शेळीने त्याच्या सदऱ्याची बाही चावून नेली. चारा चांगला होता. पाणी चांगलं होतं. घराजवळच्या माळावर समहाला पळवली, तर ती वाऱ्यासारखी सुटली आणि मतर धापा टाकत मागे राहिला.

"म्हणजे घरी ठणठणीत आणि मैदानावर ढिम्म," मतर वैतागून म्हणाला. "ही मुद्दाम करते का?"

"सांडणी मुद्दाम काही करत नाही. माणसं करतात," मैथा म्हणाली. तिला मैदानावरची एक गोष्ट आठवत होती. गाडीतून उतरवल्यावर समहा वाळूत बसली होती आणि किती वेळ उठायलाच तयार नव्हती. तिच्या छातीखालची, बसताना टेकायची ती कडक गादी लालसर दिसत होती. काकांना दाखवलं, तर म्हणाले, माशी चावली असेल.

उत्तर सापडलं ते भलत्याच ठिकाणी.

शर्यतीच्या मैदानाजवळ मैथाची रहमामावशी राहायची. आईने तिच्यासाठी विरजलेल्या दुधाचा डबा भरला, वरचा थोडा भाग रिकामा ठेवून झाकण घट्ट लावलं आणि समहाला न घेता तिकडे निघालेल्या काकांच्या गाडीत दिला. काकांनी तो हौद्यात, समहा बसते तिथेच, दोरीने बांधला. संध्याकाळी मावशीचा फोन आला. आई आधी गोंधळली, मग हसत सुटली.

"लोणी? मी लोणी कुठे पाठवलं गं? दूध होतं ते."

मैथा भाकरी खात होती. तिचा घास हातातच राहिला. लोणी काढायला आई कातडी पिशवी तिकाटण्याला टांगून किती वेळ हिंदकळवत बसायची, हात भरून यायचे तिचे. आणि इथे मुरमाच्या खडबडीत रस्त्याने ते काम आपोआप करून टाकलं होतं. पुढे, मऊ सीटवर बसलेल्या कोणालाच ते कळलं नव्हतं. हौद्यात तर कोणी कधी बसतच नसे. समहा सोडून!

तिने धावत जाऊन काकांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ते खो खो हसले. दुधाचं लोणी होतं, सांडणीचं होत नाही, म्हणाले. वर रिकामी गाडी उडतेच, समहा बसली की ती खाली बसते, हेही ऐकवलं. मैथाला इतका संताप आला की तिने अंगणातल्या रिकाम्या डब्याला लाथ घातली आणि मग पायाचा अंगठा धरून बसली.

"दुखतंय?" हिलालने विचारलं.

"अंगठा नाही. डोकं."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारची वाटही न बघता, बखीत समहाला बघायला आलाच. आजोबांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या खोलीत, शेजारपाजारची माणसं जमली, खजूर आले, कॉफी फिरू लागली. काका पाहुण्यांना गाडीचे फोटो दाखवत होते. हौद्यात इतकी माणसं, आणि बोटभर दबली नाही! मैथा खजुरांचं ताट घेऊन आत आली होती. ती ताट तसंच हातात धरून थबकली.

"आजोबा, मी एक विचारू?"

आजोबांनी मान हलवली. मजलिसमध्ये त्यांनी मान हलवली, की काकांनाही गप्प बसावं लागे.

"काका म्हणतात, समहा बसली की गाडी खाली बसते. आणि काकाच म्हणतात, इतकी माणसं चढली तरी गाडी दबली नाही. मग एकट्या समहाने ती कशी दबेल? पाटे दबत नसतील, तर रस्त्याचा प्रत्येक दणका जातो कुठे?"

मग कोपऱ्यातून कोणीतरी फिस्सकन हसलं. काकांचे कान लाल झाले.

"पोरीला काय कळतंय? या गाडीत कॉफीचा थेंब सांडणार नाही!"

"असं?" आजोबा काठी टेकत उठले. "मग ही किटली घे आणि समहाच्या जागेवर बस. चारही बाजूंना समहाच्या वजनाएवढी पोती रचू. गाडी मी चालवतो."

एवढ्या लोकांसमोर काकांना नाही म्हणता येईना. मतर आणि हिलालने पोती रचली, आणि ते काम त्यांनी फारच आनंदाने केलं. काका पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा पायघोळ दिशदाशा सावरत हौद्यात मांडी घालून बसले. किटली त्यांनी मांडीवर धरली. आजोबांनी गाडी मुरमाच्या रस्त्याला लावली आणि सगळी मजलिस दारात येऊन उभी राहिली.

पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन गाडी परत आली, तेव्हा किटलीत कॉफी नव्हती. ती काकांच्या दिशदाशावर होती, दाढीत होती, थोडी कानातही होती. ते उतरायला गेले आणि गुडघे धरून वाळूतच बसले. बराच वेळ उठले नाहीत.

मैथाला हसू येईल असं वाटलं होतं. पण काकांचं ते बसणं पाहून तिला समहाच आठवली आणि डोळे भरून आले.

"अशीच बसते ती," ती हळूच म्हणाली. "मैदानावर. तुम्ही तिला आळशी म्हणालात."

काकांनी वर पाहिलं. कपडेसुद्धा न बदलता ते गाडीत बसले आणि तिघांनाही आत बोलावून सरळ खलफानच्या गॅरेजला निघाले.

"ओझं काय नेणार?" खलफानने पुन्हा विचारलं.

काकांनी मैथाकडे बोट दाखवलं. "हिला विचार."

मैथाने सगळं सांगितलं. एक सांडणी, बसलेली, कधी एखादं चाऱ्याचं पोतं, आणि रस्ता मुरमाचा. खलफानने डोकं खाजवत कबूल केलं की जाडे पाटे विहिरीची यंत्रं वाहणाऱ्या गाड्यांचे आहेत. गाडी उंचच हवी असेल तर मध्यम पाट्यांनीही तेवढीच उंच राहील, फक्त ओझ्याखाली दबेल. त्यांच्या जोडीला मऊ शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवायचे. उंची वेगळी आणि कडकपणा वेगळा, हे आधी का नाही सांगितलं, असं हिलालने विचारलं. तुझ्या बाबांनी विचारू दिलं असतं तर सांगितलं असतं, असं म्हणून खलफान गाडीखाली सरकला.

शुक्रवारी समहा हौद्यात बसली आणि गाडीचं बूड वीतभर खाली गेलं. "मुसल्लम, गाडी बसली की तुझी!" शेजारी ओरडला.

"बसू दे," काका म्हणाले. ते सोपं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मैदानावर पोचल्यावर त्यांनी आधी मावशीसाठी आणलेला डबा उघडून पाहिला. दूध. लोण्याचा एक कणही नाही. समहा स्वतःहून उठली आणि मान लांब करून मैथाच्या खांद्यावर हनुवटी ठेवून उभी राहिली. मग तिच्या पाठीवर माणसाऐवजी बसणारा, दुरून चालवायचा छोटा यंत्रस्वार बांधला, आणि शर्यत सुटली तेव्हा काका शेजारून गाडी पळवत इतके ओरडत होते, की संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज बसला. समहा दुसरी आली.

आजोबांनी कॉफी ओतली. पहिला पेला नेहमी मानाच्या पाहुण्याचा. त्यांनी तो मैथापुढे धरला. "कोणी ऐकत नसतानाही तू बोलत राहिलीस," ते म्हणाले. कॉफी कडू जहर होती, पण मैथाने ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

तेवढ्यात बखीत गर्दीतून वाट काढत आला. त्याचे डोळे समहावर होते. "मुसल्लम, आपलं बोलणं झालं होतं. कितीला विकतोस, बोल."

"विकायचं आहे ना," काका बसलेल्या आवाजात म्हणाले. "ते जुने पाटे. गावभरची माणसं बसव, बोटभर दबत नाहीत. घेतोस?"

बखीतने काही ते घेतले नाहीत. अजून गोठ्यामागे पडून आहेत, शेळ्या त्यांना अंग घासतात.