धोंडिरामकाकांचा कप्पा

आमची कंपनी विहिरीत सोडायच्या मोटारी बनवते, चिंचोळीच्या एमआयडीसीत. दिवसाला तीनेकशे मेसेज येतात. मोटार बंद पडली की माढ्याचा काय नि वैरागचा काय, माणूस सारखाच चिडतो. संगणक प्रत्येक मेसेज वाचतो, शब्दांवरून विषय ओळखतो आणि चारांपैकी एका कप्प्यात टाकतो: मिस्त्री, सुटे भाग, वॉरंटी, इतर. 'इतर' फक्त शनिवारी उघडतात.

संगणकाला हे शिकवलं मी. म्हणजे नऊ हजार जुने मेसेज घेऊन एकेकापुढे कप्प्याचं नाव लिहायचं, बैलासारखं. मदतीला धोंडिरामकाका होते. एकतीस वर्षं तक्रारीच्या टेबलावर बसलेले. कागद लांब धरून ते वाचायचे, कप्पा सांगायचे, मी टाइप करायचो. मध्येच एखाद्या मेसेजवर थांबायचे.

"ह्यो माज्याकडं ठिव, संघपाल."

"कप्पा कुठला लिहू, काका?"

"कप्पा न्हाय. माजं नाव टाक."

मी मेसेज पाहिला. 'मोटार चांगली चालते. पाणी भरपूर आहे.' मला हसू आलं.

"हसू नगं," काका म्हणाले. "मोटार बरी हाय म्हनून कुनी मुद्दाम कळवतं व्हय रं?"

असे मेसेज आले की ते फोन लावायचे. आधी स्वतःचं नाव सांगायचे, मग विचारायचे, "जेवला का?" पुढे अर्धा-अर्धा तास, मध्ये मध्ये दम खायला थांबत, बोलत राहायचे. मला तो वेळकाढूपणा वाटायचा. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून मी खरोखरच 'धोंडिराम' लिहिलं. बासष्ट मेसेजपुढे. नंतर ते बदलायचा आळस केला, आणि संगणकाच्या लेखी तो पाचवा कप्पा झाला.

काका निवृत्त झाले आणि पुढच्या फेब्रुवारीत गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी होतो.

जूनमध्ये सहज कप्प्यांची यादी चाळताना दिसलं, तो कप्पा चालूच होता. आत अकरा मेसेज. सगळ्यांपुढे 'पाहिलं' अशी खूण. पासवर्ड टाकून कुणी मेसेज उघडल्याशिवाय ती खूण येत नाही. काकांचा पासवर्ड कुणीतरी वापरतंय, असं मी धरून चाललो आणि तो बदलला. नवा पासवर्ड फक्त मला माहीत होता.

पुढच्या आठवड्यात आणखी तीन आले. पाहिलं, पाहिलं, पाहिलं.

त्यातला एक नंबर मी फिरवला. वैरागकडच्या केराबाई होत्या. कंपनीतून कुणाचा फोन आला होता का, मी विचारलं.

"आला की फोन," त्या म्हणाल्या. "पोरगी गेल्यापास्नं मी हिरीच्या कडंलाच बसायची. त्या दिवशी तर... तुमचा म्हातारा जेवला का म्हनला. मग लई येळ बोलला. मानूस चांगला हाय."

"नाव काय सांगितलं?"

"धोंडिराम की."

मी फोन ठेवला. भीती वाटली, हे सरळच लिहितो. आमच्या मॅनेजर कीर्ती मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ पेनच्या टोपणाची उघडझाप केली.

"मेलेल्या माणसाच्या नावावर काम कसं दाखवायचं, संघपाल? पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. कप्पा काढून टाक."

नाही म्हणता आलं असतं. केराबाईंचं बोलणं कानात होतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची आजही लाज वाटते. बुधवारी अकरा वाजता मॅडमच्या केबिनमध्ये, त्यांच्यासमोर, मी कप्पा पुसला. बासष्ट मेसेजही पुसले. संगणकाला सगळं नव्याने शिकायला दोन तास लागले. तोवर मी तिथेच बसून होतो. चहा आला. माझा मोबाइल बाहेर माझ्या टेबलावर होता.

एक वाजता जागेवर आलो. 'इतर'मध्ये सर्वांत वर एक मेसेज होता. नागप्पा, दुधनी. अकरा चाळीस.

'मोटार चांगली चालते. शेळ्या भावाला दिल्या. आता कुणी येऊ नका.'

मी तो तीनदा वाचला. शनिवारला तीन दिवस होते. आणि आता काका फोन करणार नव्हते. ती सोय मीच करून आलो होतो.

नंबर फिरवला. रिंग वाजून वाजून बंद झाली.

पुन्हा फिरवला. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला.

"नागप्पा?"

"हां."

"कंपनीतून बोलतोय." तोंडात काकांचाच प्रश्न आला. "जेवला का?"

"बसलोय की आता. तुमीच न्हवं का सांगितलं मगाशी, उठा, दार उघडा, भाकरी खावा म्हनून."

"कोणी सांगितलं?"

"तुमी. संघपाल म्हनला की नाव. तासभर बोलला. लई रडलो बगा मी."

मी पडद्याकडे पाहिलं. चार कप्प्यांखाली पाचवा होता. त्यावर माझं नाव होतं. आत एकच मेसेज, अकरा चाळीसचा.

पाहिलं.

"मगाशी तुमचा आवाज लई थकलेला व्हता," नागप्पा घास चावत म्हणाले. "दम खायला थांबत व्हता सारखं. ह्या वयात एवढं बोलू नका, आजोबा. जिवाला जपा."

मी चौतीस वर्षांचा आहे. ते काही मी त्यांना सांगितलं नाही.