मायची फुंकर

पटली नाही तर सोडून द्या. पण ही घडलेली गोष्ट आहे आणि मी तिथे होते.

आणि आधीच सांगते, यात रात्र नाही. अमावस्या नाही, वड नाही, पडकी विहीर नाही. मे महिन्यातली भर दुपार आहे. साल १९७४. जागा मालेगाव जहांगीर. आज ते वाशीम जिल्ह्यात येतं, तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो.

मी भागिरथा. तेव्हा बावीस वर्षांची होते, शाळेत गणित शिकवायचे. ख्रिस्ती घरात भागिरथा नाव कसं, असं लोक अजूनही विचारतात. आमच्याकडे धर्म बदलला, नावं तीच राहिली. त्यात काय एवढं!

आम्ही भूतबित मानत नाही. म्हणजे, मानायचं नसतं. चर्चचे पाळकसाहेब रागावतात.

माझ्या आईला सगळे लिलाबाई म्हणायचे, मी माय म्हणायचे. माय मिशनची बायबलबाई होती. घरोघर जायचं, बायकांमध्ये बसायचं, शास्त्र म्हणजे बायबल वाचून दाखवायचं, कुणाच्या दुखण्याखुपण्यात प्रार्थना करायची, हे तिचं काम. शिवाय ती सुईण होती. एका पिशवीत शास्त्र, दुसरीत कात्री, दोरा आणि साबण. दोन्ही पिशव्या एकाच खांद्यावर. मालेगावातली कितीतरी पोरं तिच्या हातावर जन्मली.

बाळ जन्मलं आणि रडलं नाही, की माय त्याला दोन्ही हातांवर घ्यायची, तोंडाजवळ न्यायची आणि फुंकर मारायची.

एकच. हळू.

बाळ दचकायचं, श्वास ओढायचं आणि मग जे रडायचं, ते शेजारच्या घरापर्यंत ऐकू जायचं. मायला त्याचा भारी अभिमान होता.

आमच्या चर्चच्या मंडळीत अकरा घरं. त्यातलं एक शेषरावचं. तो सुतारकाम करायचा. त्याची बायको वच्छला. दोघांना दोन लहान मुली. दुसरीच्या वेळी वच्छला मरता मरता वाचली होती. हृदयाची झडप खराब आहे, पुन्हा दिवस जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तरी गेले.

पाचवा लागला तोवर तिचे पाय सुजले होते. आडवं झोपता येईना. चार पावलं चालली की धाप लागायची. वाशीमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, मूल ठेवलं तर आई जाईल, आणि आई गेली की पोटातलंही जाईल. गर्भपाताचा कायदा दोन वर्षांपूर्वीच लागू झाला होता. लपूनछपून काही करायचं नव्हतं. नुसती सही करायची होती.

वच्छला सही करेना.

एका दुपारी ती आमच्याकडे आली. मी ओसरीवर पेपर तपासत होते. ती मायसमोर बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, "लिलाबाई, याच्यात जीव हाये का?"

मायनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"मले हालते ते. सकाळी हालते, संध्याकाळी हालते. तुमी शास्त्र वाचता. तुमीच सांगा, लेकरात आत्मा कधी येते?"

मायला दोन्ही बाजूंची वचनं पाठ होती. एका स्तोत्रात कवी म्हणतो, देवानंच मला आईच्या पोटात विणलं. एका संदेष्ट्याला देव सांगतो, तू उदरात घडण्याआधीच मी तुला ओळखत होतो. आणि जुन्या नियमशास्त्रात असंही आहे, की मारामारीत गरोदर बाईचा गर्भ गेला तर नुसता दंड, पण बाईच गेली तर जिवाबद्दल जीव. आत्मा आईबापाकडून येतो की देव दरवेळी नवा घडवतो, आणि कधी, यावर शेकडो वर्षं वाद चाललाय. मोठमोठ्या पंडितांना जे सुटलं नाही, ते मालेगावच्या सुईणीला कुठून सुटणार?

पण मायनं वच्छलाच्या ओठांकडे पाहिलं. ते निळे पडले होते.

मायनं शास्त्राचं पहिलंच पान काढलं.

"हे पाह्य, वच्छला. देवानं मातीचा मानूस केला. डोये केले, नाक केलं, बोटं केली. सारं झालं. पन तो पडूनच होता. मंग देवानं त्याच्या नाकात श्वास फुंकला. तवा तो जिवंत झाला."

"अन् तोवर?"

"तोवर माती."

"म्हंजे श्वास घेतल्याबिगर आत्मा नाई?"

"नाई."

वच्छलानं बराच वेळ डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी तिनं सही केली.

मला माय त्या दिवशी फार आवडली. शहाणी बाई, असं वाटलं.

दवाखान्यात माय तिच्यासोबत गेली. चौथ्या दिवशी दोघी यष्टीनं परत आल्या. वच्छला वाचली होती. दोन्ही मुली तिला बिलगल्या, शेषराव भिंतीकडे तोंड करून रडला. सगळं नीट झालं होतं.

फक्त माय बोलेना.

मला वाटलं थकली असेल. आणि मग एका दुपारी...

माय ओसरीवर शास्त्र उघडून बसली होती. वाचत नव्हती, नुसती बसली होती. मी सहज पाहिलं.

पान हललं.

त्या पुस्तकाचं पान पातळ असतं, वाऱ्यानं हलतंच. पण वारा नव्हता. अंगणातल्या कडूनिंबाचं एक पान हलत नव्हतं. उन्हानं सगळं गाव गप्प झालं होतं.

पान हळूहळू वर उचललं गेलं... आणि तिथेच थांबलं.

पडेना.

मी मनात आकडे मोजले. गणिताच्या बाईला दुसरं काय सुचणार? तीसपर्यंत मोजले. पान तसंच, अधांतरी. मायनं हात ठेवून ते खाली दाबलं आणि पुस्तक मिटलं. 

दोन दिवसांनी मी चुलीपाशी होते. मागे कुणीतरी श्वास आत ओढला.

"हं..."

अगदी छोटा. मूल रडण्याआधी ओढतं ना, तसा. तोंड उघडतं, चेहरा लाल होतो आणि आता भोकाड पसरणार म्हणून आपण थांबतो. मी पण थांबले.

रडू आलंच नाही.

त्या न आलेल्या रडण्यानं माझ्या अंगावर काटा आला. मी ओसरीवर धावले.

"माय, कोनाचं लेकरू रडून राह्यलं?"

माय कानाजवळ पदर दाबून बसली होती.

"रडून नाई राह्यलं," ती म्हणाली. "तेच तं."

पुढे काही सांगेना. मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर भ्यायले.

मग रविवार आला. चर्चमध्ये उपासना सकाळी व्हायची. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष दुसऱ्या बाजूला. दवाखान्यातून आल्यापासून वच्छला त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. जगदेव पाळकांना तिच्या दवाखान्याचं काही ठाऊक नव्हतं, ते महिनाभर बाहेरगावी होते. त्यांचा बिचाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी नेमकं त्या संदेष्ट्याचंच वचन घेतलं. पोटात घडण्याआधीच देव लेकराला ओळखतो, नावानिशी ओळखतो, असं समजावून सांगितलं. छान बोलले.

मी वच्छलाकडे पाहू शकले नाही.

नंतर मूक प्रार्थना. सगळ्यांच्या माना खाली. टिनाचं छत उन्हानं तडतडत होतं, तेवढाच आवाज.

आणि बायकांच्या बाजूनं...

"हं..."

सगळ्यांनी ऐकलं. माझ्या एकटीचा भास नव्हता. अकरा घरांतली माणसं डोळे उघडून बघायला लागली. चंपाबाईनं मागे वळून कुणाचं तान्हं आहे ते शोधलं.

चर्चमध्ये त्या दिवशी एकही तान्हं मूल नव्हतं.

सगळे थांबले. रडण्याची वाट बघत राहिले. पाळकसाहेबसुद्धा.

आवाज आला नाही.

वच्छला उठली आणि निघून गेली. चपला दाराशीच राहिल्या.

दुपारी ती आमच्याकडे आली. अनवाणी. पाय भाजले होते, पण तिचं लक्ष नव्हतं. माय ओसरीवरच होती, पुढ्यात शास्त्र उघडं.

"लिलाबाई, तुमी माती म्हनलं होतं."

"म्हनलं होतं."

"मंग मी कोनासाठी रडून राह्यली? मातीसाठी कोनी रडते का?"

मला वाटलं, हिला धीर हवा आहे. मी म्हणाले, "वच्छलाताई, तुमची काही चूक नाही. नाहीतर तुम्हीच राहिल्या नसत्या. पोरींकडे कोणी पाहिलं असतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची मला अजून लाज वाटते.

"चूक कोन इचारून राह्यलं, भागिरथा? चूक असंल तं माह्या माथ्यावर. मले इतकंच सांगा, तिथं कोनी होतं का? मेल्यावर मले भेटन, असं कोनी हाये का?"

मायनं डोळे मिटले. आणि इतके दिवस आत कोंडलेलं बोलून टाकलं.

"दवाखान्यात तू शुद्धीवर नोती. नर्सबाईनं फडक्यात गुंडाळून माह्या हाती देल्लं. इतकंसंच होतं. बोटं होती. म्या पाह्यलं... अन् माह्या हाताले सवय, वच्छला. इचार नाई केला. तोंडाजवळ नेलं अन्... फुंकलं."

"मंग?"

"श्वास घेतला."

वच्छलाचा हात पोटाशी गेला.

"एकच. छाती वर आली."

"अन्?"

"खाली नाई गेली."

 श्वासाबरोबर आत्मा येतो, असं मायच म्हणाली होती. देवाचं ते काम, आणि तिनं सवयीनं, स्वतःच्या तोंडानं करून टाकलं होतं.

"माह्या फुंकरीनं आला असंल," माय म्हणाली, "तं म्या त्याले बलावलं, अन् ठेवाले जागा नोती. अन् आदीपासूनच असंल, तं म्या तुले खोटं सांगतलं. दोन्हीकून मीच."

माय रडत होती. तिला रडताना मी त्याआधी फक्त बापाच्या मरणाला पाहिलं होतं.

वच्छला रडली नाही. पुढे सरकली.

"काय होतं?"

"पोरगी."

आणि तेव्हाच...

"हं..."

त्या दोघींच्या मधून. इतक्या जवळून, की मी मागे सरकले. पुढ्यातलं पान उचललं गेलं आणि थांबलं.

 

वच्छला मात्र घाबरली नाही. तिनं पदर पसरला, कुणाला तरी घ्यायला पसरतात तसा. आणि म्हणाली, "सोड व पोरी. सोड आता. रड. म्या नाई रागावत. मीच तुही माय हावो."

किती वेळ गेला माहीत नाही.

मग एक श्वास सुटला. लांब... थकलेला... एवढ्याशा जिवाचा नव्हेच असा लांब. पान हळूच खाली टेकलं.

वच्छलाचा चेहरा उजळला. खरंच उजळला. तिनं मायचे दोन्ही हात धरले.

"रडली! लिलाबाई, रडली ना? आयकलं ना तुमी?"

मायनं तिच्या ओठांकडे पाहिलं.

मग म्हणाली, "हो. रडली."

त्यानंतर आमच्या घरात तो आवाज कधी आला नाही. वच्छला आणखी नऊ वर्षं जगली. मुली मोठ्या केल्या. शेवटच्या दुखण्यात ती त्यांना म्हणाली होती, "तुमच्या लहानीपाशी चालली, भिऊ नका." हसत गेली, असं सगळे सांगतात.

माय पुढेही सुईणीचं काम करत राहिली. शास्त्रही वाचायची. पण आत्म्याबद्दल कुणी विचारलं, तर एवढंच म्हणायची, "मले नाई मालूम, बापा."

आता जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, ते सांगते.

मी त्या दोघींपासून दोन हातांवर होते. माझे कान तेव्हा उत्तम होते, वर्गातली मागच्या बाकावरची कुजबुज मला ऐकू यायची. तो श्वास सुटला, ते मी ऐकलं. पान टेकलं, ते पाहिलं.

रडणं मी ऐकलं नाही.

माय अंथरुणाला खिळली तेव्हा एकदा धीर करून विचारलं, "माय, ते लेकरू खरंच रडलं होतं?"

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तुले नाई आयकू आलं?"

ती चकित झाली होती, की मी आणखी विचारू नये म्हणून विनवत होती, हे मला तेव्हाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आता मी सत्तरी ओलांडली आहे. वच्छलाला तिची मुलगी भेटली असावी, असं मला मनापासून वाटतं. रोज प्रार्थनेत तेवढं मागते. पण मायनं त्या दुपारी खरंच काही ऐकलं होतं, की ती वच्छलाचे ओठ बघून पुन्हा एकदा दयेपोटी बोलली?

कारण ती पोर रडली नसेल... तर ती अजून कुठेतरी थांबलेली आहे, आणि तिची वाट बघणारं आता कुणी उरलेलं नाही. मी सोडून.