गाळतळ्याची भूक

गाळतळ्याचं निवळ पाणी पिऊन खालच्या गावाच्या दोन पिढ्या वाढल्या. तळ्याच्या वरच्या आळीत मात्र आठ वर्षांची ओवी भिंतीला टेकून रात्र काढायची, कारण गॅरेजांच्या धुराने बळावलेला दमा तिला आडवं होऊ देत नसे. गॅरेजं बंद करवताना तिच्या आईच्या, वत्सलाच्या, नाकी नऊ आले. पण ती बंद झाली, आळी स्वच्छ झाली, पोरगी अंथरुणावर पाय पसरून झोपू लागली. सुखाला नजर लागायला वेळ लागत नाही. वर्षभरात तळ्यावरच्या शास्त्रज्ञ डॉ. सप्रे दारात उभ्या राहिल्या.

"वत्सलाताई, तळं उपाशी आहे."

पावसाचं रस्ते धुऊन आलेलं पाणी या तळ्यात थांबे, घाण तळाशी बसे आणि वरचं पाणी धरणात जाई, तिथून गावच्या नळांना. चिखलात सोडलेले गाळजीव, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू, काजळी आणि ऑइल खात आणि पाण्यातलं शिसं स्वतःच्या अंगात धरून ठेवत. चाळीस वर्षांचं शिसं त्यांनी पोटाशी धरलं होतं.

"ते मेले की शिसं सुटणार. नळाच्या पाण्यात यायला लागलंय."

"मग टँकरने ऑइल ओता की!"

"ओतून पाहिलं. तवंग वरच राहतो. टायरखाली रगडलेलं, पावसाने वाहून आणलेलंच त्यांना पचतं."

"गाळ उपसा."

"ढवळला तर सगळं विष एकदम सुटेल."

वत्सला उंबरा ओलांडून पुढे आली. "एवढी शिकलेली माणसं तुम्ही! हे आधी कळलं नाही?"

"आळी कधी स्वच्छ होईल, असं कुणाला वाटलंच नव्हतं," सप्रेबाई हळूच म्हणाल्या. "गॅरेजं पुन्हा उघडावी लागतील. तुम्हाला गावात घर देऊ."

"आणि इथे कुणाचं पोर राहील?"

"कुणाचं तरी. आळी रिकामी झाली तर गॅरेजं चालवणार कोण, रस्ता मळणार कसा?"

वत्सला खूप ओरडली, रडली, बाईंना नाही नाही ते बोलली. मग तिने आत वळून ओवीकडे पाहिलं. पोरगी तोंड मिटून, शांत श्वास घेत झोपली होती.

"घर कधी मिळेल?" तिने विचारलं.

आठवड्याने सामान न्यायला टेम्पो आला. समोरच्या मिस्त्रीने गॅरेजचं शटर वर केलं होतं. तिच्या घरात येणाऱ्या बिऱ्हाडात तान्हं मूल आहे, असं त्यानेच सांगितलं. वत्सलाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ओवी ओटा झाडून आता दारापुढचा रस्ता झाडत होती.

"आई, नवीन माणसं येणार ना? त्यांच्यासाठी स्वच्छ करून ठेवते."

वत्सलाने तिच्या हातातली केरसुणी काढून घेतली.