खडकाजवळची जागा

"अहो, दोन मिनिटं त्या खडकाशी उभ्या राहता? टॉर्च माझ्याकडे धरून?"

मी दचकलेच. तलावाची पाणीपातळी मोजायला रोज पहाटे मी एकटी येते. सहा वर्षांत तिथे कुणी मला हाक मारली नव्हती.

"कशाला पण?"

"अंधारात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. तुमच्या उजेडावर फोकस धरतो."

मी उभी राहिले. तिपाईवरच्या कॅमेऱ्यातून त्याने पाहिलं... जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "झालं. आता बाजूला व्हा."

ते रोजचंच झालं. तो कॅलेंडरसाठी चित्रं काढत होता. मी त्याला 'तिपाईवाले' म्हणे, तो मला 'पातळीबाई'.

"कॅलेंडरला गवतापासून डोंगरापर्यंत सगळं लख्ख लागतं," तो सांगायचा. "म्हणून भिंगाचं छिद्र लहान. एफ अकरा."

"मग आणखी लहान करा की!"

"अति तिथे माती. सगळंच मऊ पडतं."

"आणि मोठं केलं तर?"

"तर... एकच जागा स्पष्ट. बाकी सगळं धूसर. तसलं चित्र कोण विकत घेणार?"

तो माझ्याकडे बघत होता. मी घाईघाईने वहीत आकडा लिहिला — तोही चुकीचा. घरी आत्या म्हणाली, "हल्ली पाणी मोजायला पावडर लावून जावं लागतं वाटतं?"

एका सकाळी त्याने तिपाईचे पाय मिटले, एकेक करून, सावकाश. "बारा चित्रं झाली. उद्या निघतो."

तो काही बोलेल म्हणून मी थांबले. तोही थांबला. ऊन वर आलं, तशी मी वही मिटली.

एकटेपणा माझ्या अंगवळणी पडला होता. तो गेल्यावर मात्र बोचायला लागला. खडकाशी आले की उगाच टॉर्च लावायची, मग विझवायची.

दोन महिन्यांनी ऑफिसच्या पत्त्यावर कॅलेंडर आलं. बाराही पानं उलटली. खडक सगळीकडे होता, मी कुठेच नव्हते. डोळे भरून आले.

पाकिटातून तेरावं चित्र निसटलं. डोंगर धूसर, पाणी धूसर. फक्त रिकाम्या खडकावरचं शेवाळ लख्ख. मागे लिहिलं होतं, 'छिद्र मोठं, एफ दोन पॉइंट आठ. तुम्ही बाजूला झालात, पण मला फोकस हलवता आला नाही.' खाली फोन नंबर.

मी लगेच लावला. "तिपाईवाले, तुमचं चित्र चुकलंय."

"माहीत आहे..."

"मग परत काढायला या. या वेळी मी बाजूला होणार नाही."